वानखड्यांचा कडू वेल

वानखडे मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याविषयी एखादा बरा शब्द निघाला तर तो मनापासून आहे हे कळेल.

जयपूरला जवाहर नगरात आम्ही वरच्या मजल्यावर आणि ते खाली, असे काही वर्षं एकाच घरात भाडेकरू होतो. माझ्या नवऱ्याची बँकेत बदली झालेली. वानखडे केंद्र सरकारच्या पीक संरक्षणाच्या कचेरीत. मूळचे यवतमाळकडचे, पण नोकरीतली बरीचशी वर्षं राजस्थानातच गेलेली. परमुलखात मराठी शेजार मिळाला म्हणून मी हरखले होते. आमचं सामान वर चढत असताना ते पायरीशी आले, माझ्या तुळशीच्या कुंडीकडे वाकले, एक पान उलटं केलं आणि म्हणाले, "किडकी हाय. वरच ठेवा, खाली नका आणू." एवढं स्वागत करून ते आत गेले.

पान उलटं करून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. शर्टाच्या खिशात दोरीला बांधलेलं एक भिंग असायचं. भाजीवाला भैया गाडी घेऊन दारात आला की हे भिंग डोळ्याला लावून पालकाची एकेक काडी तपासत. भैया आधी हसायचा, मग चिडायचा, आणि शेवटी शेवटी आमच्या गल्लीत शिरताना पालक खाली दडवून वर बटाटे ठेवायला लागला. कचेरीत साहेबानं कौतुक केलं तरी हे घरी येऊन सांगणार, "वरून हिरवं दिसून रायलं. खाली काय हाय ते पाहा लागते." माणसांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या, कुरतडणारे आणि रस शोषणारे. कुरतडणारा परवडला, म्हणायचे, त्यानं पाडलेलं भोक तरी दिसतं. माझा नवरा बँकेतला, म्हणून त्याला विचारपूस न करता शोषणाऱ्यांत टाकलं होतं. मी कुठल्या जातीत होते ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्यांच्या पत्नी कमलताई. अंगानं बारीक, बोलणं हळू, आणि डोळ्यांखाली काजळ फिसकटल्यासारखी काळी वर्तुळं. कमलताईंना झोप येत नसे. म्हणजे कमी येई असं नव्हे, येतच नसे. दुपारी नाही, रात्री नाही. कधी बसल्या बसल्या मान लवायची आणि लगेच दचकून त्या सरळ व्हायच्या. डाळ निवडता निवडता खडे डाळीत आणि डाळ सुपाबाहेर टाकायच्या.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नंदा. कॉलेजात असताना चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका रत्नांचे नग घासणाऱ्या कारागिराच्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, आणि वानखड्यांना विचारलेलं नाही. यातलं तिसरं कारण सगळ्यात मोठं असावं असा माझा अंदाज आहे. त्यांनी मुलीचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि कमलताईंनी तिच्याकडे जायचं नाही असंही त्यांनीच ठरवलं. मुलगी परदेशी गेली असती तर मन समजावता आलं असतं. ही रिक्षात बसून पोचता येईल एवढ्या अंतरावर होती. त्या दिवसापासून कमलताईंची झोप गेली ती गेलीच. वानखड्यांना विचारलं तर ते म्हणत, तिले इथली हवा मानवत नाही.

आता बरा शब्द सांगते. हा माणूस बायकोसाठी जीव टाकायचा. डॉक्टरच्या गोळ्यांनी त्यांना घेरी यायला लागली, न्हाणीघरात पडून मनगट मोडलं, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत वानखडे रोज सकाळी व्हरांड्यात बसून त्यांची वेणी घालत. भांग वाकडा निघायचा, पण घालत. गोळ्यांची बाटली त्यांनी गटारात रिकामी केली आणि दुसरा उपाय शोधायला लागले. तो उपाय म्हणजे हॉपचा वेल.

कचेरीतल्या कुठल्याशा प्रशिक्षणाला हिमाचलातल्या लाहौलकडचा एक सहकारी आला होता. तिकडे थंडीत हा वेल होतो. बियरला जो कडूपणा येतो तो याच्या फुलांचा. पण त्यानं वानखड्यांना सांगितलं की हीच फुलं वाळवून उशीत भरली तर न झोपणारा माणूसही झोपतो. पुढच्या खेपेला त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळून मुळं आणून दिली. वानखड्यांनी तेलाचं पिंप कापून आमच्या गॅलरीच्या खाली, पूर्वेच्या भिंतीशी, ती लावली. मग न विचारता वर आले आणि माझ्या कठड्याला सुतळ्या बांधून गेले. वेल चढायला लागला तशी मी कपडे वाळत घालायची जागा बदलली. गल्लीत त्याला 'बीयर की बेल' असं नाव पडलं. आमचे मकानमालक गुप्ताजी शेजारीच राहायचे, लसूणही न खाणारे. हा घरात दारू गाळणार की काय म्हणून त्यांना धडकी भरली. वानखड्यांनी समजूत घातली नाही. घाबरू द्या, म्हणाले.

थंडीतला वेल जयपूरच्या उन्हात. लू सुटली की ते भिजवलेली गोणपाटं त्याच्याभोवती टांगायचे. पण उन्हापेक्षा कीड वाईट. फाल्गुनात सरसूची, म्हणजे मोहरीची, शेतं पिकायला लागली की जयपूरच्या हवेत बारीक हिरवट किडे उडायला लागतात, स्कूटरवाल्यांच्या डोळ्यांत जातात, पांढऱ्या शर्टाला चिकटतात. तिकडे त्याला मोयला म्हणतात, आपण मावा म्हणतो. वेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर असाच मावा बसायचा, शेंडे गोळा व्हायचे आणि पानं चिकट. वानखड्यांचा धंदाच कीड मारण्याचा. पोत्यांनी विषारी पावडर त्यांच्या सहीनं गावोगाव जायची. मी म्हटलं, मारा की एक फवारा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पानाखालची कीड आहे.

"तिच्या डोक्याखाली जाणार हाय ते," म्हणाले. "त्यावर औषध नाही मारत मी."

म्हणून तंबाखूचा काढा, निंबोळीचं पाणी, साबणाचं पाणी, आणि बाकी सगळं बोटांनी. कचेरीतून आले की चहाआधी ते पिंपाशी. एकेक पान उलटं करायचं, बोटाच्या पेरानं मावा पुसायचा. कमलताई व्हरांड्यात खुर्चीवर बसून हे पाहत असत. आत स्टोव्हवर काढ्याचा उग्र वास, बाहेर हा माणूस पानांत डोकं घालून, आणि मध्ये त्या जाग्या.

पहिल्याच वर्षी मजा झाली. होळीच्या सुमाराला वानखडे दौऱ्यावर होते. गल्लीत फोन एकच, गुप्ताजींकडे. वानखड्यांनी तिथे फोन करून गुप्ताजींच्या पत्नीला, भाभीजींना, निरोप दिला की बेल पर मावा आया होगा, मेरी मिसेस को बोलो सब निकाल ले. शेतकऱ्यांशी बोलताना हा माणूस मोयला म्हणायचा. पण घरच्या गोष्टीला घरचाच शब्द पाहिजे हा त्यांचा हेका. नंदा लहानपणी मोयला म्हणाली की तिला दहादा मावा म्हणायला लावत, असं कमलताईंनी मला सांगितलं होतं. आता भाभीजींच्या लेखी मावा म्हणजे खवा, आणि मावा निकालना म्हणजे दूध आटवणं. त्यांना वाटलं, अशक्त बायकोला गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, खाऊ घालायच्या असतील बिचाऱ्यांना. कमलताईंना कुठे त्रास द्यायचा म्हणून त्या स्वतःच कढईपाशी बसल्या आणि दुसऱ्या दिवशी परातभर मावा घेऊन आल्या. वानखडे परतले तोवर शेंडे काळे पडले होते. भाभीजी डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, "तो मोयला बोलना था न भाईसाहब." कमलताई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वानखडे हसले नाहीत, आणि त्या माव्यातला एक कणही त्यांनी तोंडात घातला नाही.

त्या वर्षी फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी नवा डाव टाकला. जयपूरजवळच्या चाकसूकडच्या सरसूच्या शेतांतून ढालकिडे आणले, ते लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे. रिकाम्या डब्यात भरून, वर मलमलचा रुमाल बांधून, जीपमध्ये मांडीवर धरून आणले. हे किडे माव्यावर जगतात, आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या अळ्या जास्त खादाड. ढालकिडा दिसायला गोजिरवाणा, पण त्याची अळी काळी, काटेरी, पाहून अंगावर शहारा येईल अशी. वानखडे मात्र भिंगातून या अळ्यांकडे ज्या मायेनं बघत, त्या मायेनं त्यांना दुसऱ्या कशाकडे बघताना मी पाहिलं नाही. मावा हटायला लागला, शेंडे सरळ झाले, आणि वेल माझ्या कठड्याला येऊन टेकला. ह्या वर्षी फूल येते, असं ते कमलताईंना रोज सांगायचे.

होळीनंतर तिकडे शीतळा अष्टमी येते. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं आणि त्या दिवशी चूल न पेटवता थंड खायचं. चाकसूला शीतळा मातेचा मोठा मेळा भरतो, गावोगावचे शेतकरी येतात, म्हणून तिथे वानखड्यांच्या कचेरीचाही तंबू लागायचा. ते पहाटेच गेले. दुपारी फाटकातून एक मुलगी आत आली, हातात स्टीलचा डबा, अंगावर लहरिया ओढणी. मी गॅलरीत होते. तिनं वर पाहून विचारलं, "आंटी, बाबा गेले ना?" तेव्हा मला कळलं की ही नंदा.

डब्यात सासरचं थंड जेवण होतं, पुए आणि दह्यातला भात. आज घरात चूल पेटवायची नसते, तू पण नको पेटवू, असं तिनं आईला सांगितलं. कमलताईंनी मला हाक मारून खाली बोलावलं, आम्ही तिघी व्हरांड्यात चटईवर बसून जेवलो. नंदा आईच्या मनगटावरून बोट फिरवत होती, जिथे ते मोडलं होतं तिथे. जेवून कमलताई तिच्या मांडीवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या की मी डोळे मिटले तर तू निघून जाशील.

"झोप ना आई," नंदा म्हणाली. "मी आहे इथे. मतलब, कहीं नाही जात मी."

आणि कमलताई झोपल्या. तोंड किंचित उघडं टाकून, घोरत झोपल्या. मी आणि नंदा एकमेकींकडे बघत राहिलो. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते लपवायला आम्ही काही केलं नाही.

पुढे नंदानं जे केलं ते तिच्या बापाच्या लेकीशिवाय कुणी केलं नसतं. आईच्या डोक्याखाली ओढणीची घडी सरकवून ती उठली, वेलाकडे गेली आणि पान उलटं केलं. तिला त्या काळ्या काटेरी अळ्या दिसल्या. बाबांचा वेल किडला, हे पाहून तिला राहवेना. लहानपणी मिरचीवरच्या अळ्या वेचायला त्यांनीच तिला शिकवलेलं. ढालकिड्यांचं प्रकरण ती गेल्यानंतरचं. साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन तिनं एकेक पान डाव्या तळव्यावर घेतलं आणि उजव्या बोटांनी अळ्या टिपून वाटीत टाकल्या. खालची झाली तशी स्टुलावर चढून वरची टिपली. त्या अळ्या ढालकिड्यांच्या, हे मला मागाहून कळलं; तेव्हा मी पाहत होते आणि मला वाटत होतं, किती निगुतीनं करते पोरगी. "बाबांना अच्छा वाटेल," ती म्हणाली. कमलताई उठल्या तेव्हा दिवस कलला होता. नंदा जाताना वाटी नाल्यात ओतून, विसळून, पालथी घालून गेली.

वानखडे आले ते थेट पिंपाशी. मी वरून ऐकलं ते सांगते. आधी एकेक पान उलटल्याची सळसळ. मग त्यांनी कमलताईंना विचारलं, "कोन आलं होतं?"

"मी झोपली होती," कमलताई म्हणाल्या.

"मी इचारून रायलो, कोन आलं होतं?"

"आणि मी सांगून रायली का मी झोपली होती. चांगली दिवस कलेपर्यंत झोपली."

पानं पुन्हा सळसळली. मग ते म्हणाले, "हे तिचंच काम हाय. एकबी देठ मोडला नाही." आवाजात क्षणभर काहीतरी होतं. मला वाटलं, आता हा माणूस विचारेल की कशी आहे ती. कमलताईंनाही वाटलं असणार, कारण त्यांनी लगेच म्हटलं, तिले बोलवा ना. तो एकच क्षण होता. वानखडे म्हणाले, "कीड बाहेरून येते," आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुप्ता भाभीजींना बजावलं की कोणी बाहेरचा माणूस फाटकातून आत आला तर मला सांगा, बेलीला रोग लागतो. भाभीजींनी मान डोलावली आणि मागाहून माझ्याकडे येऊन रडल्या. अळ्या नाहीशा झाल्यावर मावा असा फोफावला की महिनाभरात पानांवर काजळी चढली. काढे झाले, निंबोळी झाली, पण उपयोग झाला नाही. फूल त्याही वर्षी आलं नाही. आणि त्याच उन्हाळ्यात वानखडे निवृत्त झाले.

माणसं निवृत्त झाली की गावी जातात. हे गेले नाहीत. यवतमाळला घर होतं, भाऊ होते, पण वेल अर्धवट टाकून कसा जाऊ, म्हणाले. आता ते दिवसभर घरात. फाटकाची कडी वाजली की व्हरांड्यात हजर. नंदा एकदोनदा कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेली. मग ती मागच्या गल्लीतून, आमच्या स्वतंत्र जिन्यानं माझ्याकडे यायला लागली. वर बसायची, खाली आईच्या बांगड्यांचा आवाज ऐकायची आणि निघून जायची. कमलताईंना वर यायला निमित्त मिळत नसे. मिळालं तरी वानखडे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून, झालं का, म्हणून हाका मारत. त्या वर्षी कमलताईंचे गाल आत गेले. एकदा उकळत्या चहात साखरेऐवजी त्यांनी बोटं घातली. वानखड्यांनी फोडांना मध लावला आणि वेलाला पाणी घालायला गेले. त्यांचा मला इतका राग यायचा की सुतळ्या कापून टाकाव्यात असं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी फुलं आली. पुन्हा ढालकिडे आणून, पिंपाशी रोज दिवसभर बसून, त्यांच्या अळ्यांवर उन्हात कापड धरून, एकेक कीड निवडून या माणसानं ती आणलीच. फिकट हिरवी, कागदी पापुद्र्यांची, आत पिवळी पूड. मला त्यांनी एक फूल चुरगळून हुंगायला दिलं. वास उग्र होता, जिभेला लावलं तर कडूजहर. सावलीत वाळवून त्यांनी ती भरली, उशीचा अभ्रा स्वतः शिवला, धावदोरा घालून. माझ्या नवऱ्यालासुद्धा खाली बोलावून उशी दाखवली.

जेवण झालं की ते कमलताईंना त्या उशीवर निजवायचे आणि दाराशी उभे राहायचे. लागली का झोप, असं विचारायचे. नाही म्हटलं की फुलं जरा ओलसर राहिली असतील म्हणून उशी उन्हात ठेवायचे आणि पुन्हा निजवायचे. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी कमलताईंनी उत्तर दिलं नाही. डोळे मिटलेले, श्वास संथ. वानखडे जिना चढून माझ्या दारात आले. सुतळ्या बांधून गेल्यापासून ते कधी वर आले नव्हते. डोळे भरून आले होते. "झोपली," एवढंच म्हणाले, आणि खाली गेले.

त्यानंतर ते दुपारचे बाहेर पडायला लागले. भाजी आणायला, जुन्या कचेरीत जायला, उशीची हकिकत सांगायला. ती आता दिवस कलेपर्यंत उठत नाही, असं सगळ्यांना सांगायचे. आणि ते फाटकाबाहेर गेले की कमलताई उठायच्या, निऱ्या सारख्या करायच्या आणि आमचा जिना चढायच्या. वर नंदा आलेली असे. माझ्या आतल्या खोलीत चटई टाकलेली असे, उशी नसे. तिथे, लेकीच्या मांडीवर, त्या झोपायच्या. मी गॅलरीत उभी राहून गल्लीवर लक्ष ठेवायची, म्हणजे ते परतायच्या आत त्यांना उठवता येईल.

आमची बदली झाली त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. वानखड्यांची स्कूटर जुनी होती. किक मारली की सगळा सेक्टर जागा व्हायचा. त्या दुपारी त्यांना निघायला उशीर झाला. काही विसरलं म्हणून दोनदा आत जाऊन आले, आणि दोन्ही वेळा मी गॅलरीतून मागे सरले. तिसऱ्यांदा ते बाहेर पडले तसे कमलताई वर आल्या आणि मांडीवर डोकं टेकताच त्यांना झोप लागली. मी खाली पाहिलं. वानखडे अजून फाटकाशीच होते. चपला हातात घेतलेल्या. फाटकाची कडी वाजू नये म्हणून त्यांनी ती बोटांत धरून अलगद सोडली, चपला पायात सरकवल्या, आणि स्कूटर सुरू न करता, ऐन उन्हात, ढकलत निघाले. कोपऱ्यावर वळण्यापूर्वी थांबले, मागे वळून खालच्या, कमलताईंच्या खोलीच्या बंद खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वळणापलीकडे गेले आणि तिथे, खूप लांब, किक मारल्याचा आवाज आला. माझ्या मागे कमलताई घोरत होत्या.